मशीनच्या पायाखालचा अडतीस सालचा पैसा

मी एक जुना तांब्याचा पैसा आहे. माझ्या बदल्यात आता कुणी साधी सुईसुद्धा देणार नाही, पण मित्रांनो, म्हणून मला बिचारा समजू नका! माझ्यापायी एका घरातली तीन माणसं एकाच सकाळी रडली आणि हसली, आणि त्यांतला एक तर बस चालवणारा चांगला दणकट गडी होता. ते कसं घडलं हे सांगायला मी इतका उतावीळ झालोय, की कुठून सुरुवात करू तेच कळत नाही. बरं, जन्मापासूनच सांगतो.

टाकसाळीत तांब्याची एक लांबलचक पट्टी आली. तिच्यातून गोल चकत्या पडल्या, त्यांतली एक मी. तेव्हा माझ्या अंगावर काहीच नव्हतं, अगदी कोरा. मग दोन साच्यांच्या मध्ये मला ठेवलं आणि वरून असा काही दणका बसला, की क्षणात माझ्या एका बाजूला तीन शिडांचं जहाज उमटलं आणि दुसऱ्या बाजूला गव्हाची लोंबी! जहाजाच्या खाली साल. त्याचे शेवटचे दोन आकडे तीन आणि आठ, म्हणून ओळखणारे मला अडतीस म्हणतात. बाहेर पडलो तेव्हा मी गरम होतो, लालबुंद होतो आणि थोडा शेफारलेलाही होतो.

त्या वर्षी टाकसाळीतलं मोठं यंत्र चौथ्या महिन्यातच तडकलं. ते दुरुस्त होईपर्यंत वर्ष सरलं. सदतीस सालचे पैसे पोत्यांनी निघाले, एकोणचाळीस सालचेही पोत्यांनी निघाले, आणि आम्ही अडतीसवाले मात्र मोजकेच राहिलो. तेव्हा त्याचं कुणालाच काही नव्हतं. पावाच्या दुकानात कोण कशाला पैशाला त्याचं साल विचारतो?

मग मी जो फिरलो, तो फिरलो! एका नर्सच्या डगल्याच्या खिशात राहिलो, एका मासे विकणाऱ्या बाईच्या ओल्या पिशवीत राहिलो. खिडकीजवळ कोण बसणार यावरून दोघी बहिणींचं भांडण जुंपलं, तेव्हा मला हवेत उडवून त्याचा निकाल लावला गेला. मी जहाज वर करून पडलो आणि धाकटीनं असा आरडाओरडा केला की अख्खी गाडी वळून बघायला लागली. असं हातोहाती फिरताना माझा लाल रंग उतरला. आधी मी तांबूस झालो, मग हळूहळू गडद तपकिरी. मित्रांनो, हा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे बरं का. हवा आणि माणसांचे हात वर्षानुवर्षं लागून तांब्यावर जे कातडं चढतं ना, तेच हे असतं. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावरच अडणार आहे.

एके दिवशी पेपरात बातमी आली की तांब्याचे पैसे बंद. झालं! काल ज्यांनी मला खिशात जपलं, त्यांनीच आज मला खणात भिरकावलं. असा टोलवला जात जात मी पोचलो कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात. बटणांच्या डब्यात काही वर्षं काढली. मग तिथल्या एका मशीनचा लोखंडी पाय डुगडुगायला लागला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी कागदाची घडी सारून पाहिली, पुठ्ठा सारून पाहिला आणि शेवटी मला सारलं. मी बरोबर बसलो! मशीन डुगडुगायचं थांबलं. माझं जहाज आणि साल फरशीकडे, लोंबी वर, आणि लोंबीवर मशीनचा पाय. बावीस वर्षं मी तिथे होतो. वर पँटची उंची कमी व्हायची, चेन बदलायच्या, कोटाची अस्तरं उसवायची, आणि खाली मशीनच्या तेलाचे थेंब माझ्याभोवती साचत जायचे. कुणी म्हणेल, काय हे नशीब! पण खरं सांगू, मला कंटाळा आला नाही. मशीनच्या पायाशी ज्या गप्पा ऐकायला मिळतात, त्या टाकसाळीतल्या साहेबालाही मिळत नसतील.

चार वर्षांपूर्वी त्या मशीनवर एक नवी बाई कामाला बसली. हात असा चपळ, की गिऱ्हाईक बाकावर नीट टेकायच्या आत चेन बसवून मोकळी! आणि तिला चकाकीचं भारी वेड. कात्री चमकली पाहिजे, मशीनचं चाक चमकलं पाहिजे, दाराची कडीसुद्धा चमकली पाहिजे. मास्तर म्हणायचे, "अगं, जरा दमानं. एक दिवस माझं टक्कल घासायला घेशील."

दर शनिवारी दुकान दुपारी बंद व्हायचं आणि तिला घरी न्यायला तिचे सासरे यायचे. छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. मास्तर त्यांना प्रूफवाले म्हणत. ते माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसायचे, आणि पहिल्याच शनिवारी त्यांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून मी फरशीला चिकटलेला नसतो तर उडीच मारली असती. त्यांना जुनी नाणी जमवायचा छंद होता! आणि कोणती नाणी? जहाजाचे पैसे! म्हणजे आम्हीच!

त्यांचा छंद ऐकण्यासारखा होता. दर रविवारी ते जुन्या बाजारात जात. तिथला चहा त्यांनी सोडला होता आणि त्या एका चहाच्या पैशात जे मिळेल ते नाणं घ्यायचं, त्याहून महाग घ्यायचं नाही, असा नियम केला होता. बाजारात एका भंगारवाल्याकडे मोठं घमेलं भरून सरमिसळ नाणी असत. त्यात हात घालून ते तासन्‌तास बसत. छापखान्यातल्या बाइंडर मित्रानं त्यांना जाड निळ्या पुठ्ठ्याचा एक तक्ता करून दिला होता. सहा ओळी, ओळीत सहा भोकं, एकवीस सालापासून छप्पन सालापर्यंत, एकेका वर्षाचा एकेक पैसा. शिवाय कुठला पैसा कुठून आला, ते वहीत लिहिलेलं. बत्तीस सालचा एका विधवेनं बटणांच्या डब्यातून काढून फुकट दिला. सदतीस सालचा एका कंडक्टरनं मधे भोक असलेली दोन परदेशी नाणी घेऊन बदल्यात दिला. एकेका पैशाची गोष्ट ते अशी रंगवून सांगत, की मास्तरांची इस्त्री तापून धूर यायचा.

"मास्तर, पस्तीस झाले. एकच राहिलाय," ते म्हणाले. "अडतीस."

मला कान नाहीत, तरी ते टवकारले! अहो, मी! मी इथे! तुमच्या चपलेपासून दीड वीत लांब! पण ओरडणार कसा? तांब्याला तोंड कुठलं!

त्या दिवशी त्यांनी मास्तरांना नियमही सांगितले. नाणं कडेनं धरायचं, खाली मऊ कापड घ्यायचं, आणि काहीही झालं तरी नाणं घासायचं नाही. "घासलेलं नाणं मी तक्त्यात लावत नाही. त्याचं कातडं सोलल्यासारखं होतं हो." मी अगदी मान डोलावली. पण सूनबाई त्या वेळी जीनच्या जाड कापडावर शिलाई मारत होती. मशीन असं खडखडत होतं, की तिच्या कानापर्यंत त्यातलं एक अक्षरही गेलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. दर शनिवारी ते यायचे, दर शनिवारी मी जीव तोडून गप्प बसायचो. मग काहीतरी बिनसलं. ते बाजारातून एकदा चव्वेचाळीस सालचा पैसा घेऊन आले. त्यांच्याकडे तो होताच. पुढच्या शनिवारी पाहतो, तर पुन्हा चव्वेचाळीस. मग तिसऱ्यांदाही तोच. मास्तरांनी चेष्टा केली, "काय प्रूफवाले, चव्वेचाळिसावर फारच जीव जडलाय?" ते हसून म्हणाले, "असू द्या, अदलाबदलीला होतात." पण त्यांचं हसू मला नेहमीसारखं वाटलं नाही.

एका दुपारी सूनबाईनं मशीन थांबवलं आणि मास्तरांना सांगितलं, "बाबांना परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन्ही डोळ्यांची मधली नजर चाललीय म्हणे. कडेकडेचं दिसेल, पण समोरचं नाही. थांबवता येणार नाही म्हणाले, फार तर काही महिने."

मास्तरांनी हातातली सुई कापडात खोचून ठेवली.

"बाबा काय म्हणाले माहितीये? म्हणाले, बाकी सगळं बघून झालंय गं. तेवढं ते छत्तिसावं भोक भरलेलं बघायला मिळालं की झालं."

"मग नाणीवाल्याकडून आण की विकत!"

"गेले होते ना! काचेच्या पेटीत ठेवलाय त्यानं. किंमत ऐकून डोळे पांढरे झाले. तरी म्हटलं, घेऊ. तर बाबांनी हातच जोडले. म्हणाले, विकत आणून भोक भरेल, पण माझा छंद नाही पुरा व्हायचा. तो त्या दुकानदाराचा होईल."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या जागेचा राग आला. ज्याच्यासाठी एका माणसाची नजर वाट बघत होती, तो मी तेलात रुतून बसलो होतो! आणि माझ्या डोक्यावर पाय ठेवून ते मशीन खुशाल पडदे शिवत होतं.

पण ऐका, ऐका! पुढच्याच शनिवारी मास्तरांनी मशीनला मोटर बसवायला मिस्त्री बोलावला. मिस्त्रीनं मशीन उचललं. बावीस वर्षांनी माझ्यावर उजेड पडला! त्यानं पटाशीनं मला खरवडलं, "ही कसली चकती?" म्हणाला आणि कचऱ्याच्या ढिगाकडे फेकून दिलं. धागे, खडूचे तुकडे, मोडक्या सुया आणि मी! सूनबाई झाडू घेऊन आली. सुपलीत भरला गेलो. आता बादलीत पडलो की संपलं. मी जीव मुठीत धरला आणि सुपली तिरकी होताना मुद्दाम असा घरंगळलो, की पत्र्यावर ठण्ण वाजलं!

ती थबकली. तिनं मला उचललं, तेलाचा थर नखानं खरवडला. "अगंबाई! जहाज!" मग माझं साल उजेडाकडे धरलं. "मास्तर, तीन आहे. पुढचा आकडा सहा की आठ हो?"

मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "आठ वाटतोय."

ती अशी किंचाळली, की मिस्त्रीच्या हातातला स्क्रू गळून पडला. मास्तर म्हणाले, "घेऊन जा, घेऊन जा! त्याचे कसले पैसे! आणि पक्कं होईस्तोवर प्रूफवाल्यांना सांगू नकोस, उगाच आशा लागायची." नाणं घासायचं नाही, हे सांगायचं मात्र त्या गडबडीत मास्तर विसरले. तिनं मला टाचण्यांच्या डबीत ठेवलं. मला टाचण्या टोचत होत्या, पण मी गात होतो!

दुसऱ्या दिवशी रविवार. सासरे बाजारात गेले, नवरा पहाटेच्या फेरीला बस घेऊन गेला. सूनबाईनं मला डबीतून काढलं आणि नळाखाली धरलं. तेल निघालं. तिथे थांबली असती तर! पण आकडा सहा की आठ याची खात्री हवी होती, आणि असा कळकट पैसा बाबांच्या हातावर ठेवायचा तरी कसा? तिनं लिंबू कापलं. मीठ घेतलं. मला घासायला लागली. मी आतल्या आत ओरडलो, नको, नको, पण तिचा हात एकदा सुरू झाला की थांबत नाही. लिंबानंतर भांडी घासायची पावडर आली, पावडरीनंतर फडकं. साऱ्या आयुष्यात कमावलेलं माझं तपकिरी कातडं दहा मिनिटांत मोरीतून वाहून गेलं.

"आठ! आठच आहे!" ती स्वयंपाकघरात नाचली. खोटं कशाला बोलू, मीही क्षणभर हुरळलो. मी टाकसाळीतून आत्ता बाहेर पडल्यासारखा झगमगत होतो.

तेवढ्यात नवरा आला. तिनं हसत हसत मला त्याच्यासमोर धरलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"अडतीस! अगं... पण तू हा घासलास?"

"मग? मळका देऊ?"

"बाबा घासलेलं नाणं तक्त्यात लावत नाहीत. मी सहावीत असताना त्यांचा एक पैसा राखेनं घासला होता, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. तो पैसा त्यांनी देऊनच टाकला कुणाला तरी."

ती मटकन खाली बसली. "मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तो तिच्या शेजारी बसला. म्हणाला, "सांगू की असाच मिळाला. चमकणारा."

"मशीनच्या पायाखाली? चमकणारा?" तिनं डोळे पुसले. "नाही. मी केलंय, मीच सांगते."

दार वाजलं. सासरे आले. हातात कागदाची पुडी, आणि पुडीत काय असावं? चव्वेचाळीस! चौथा!

"बाबा," ती उभी राहिली. "अडतीस मिळाला. माझ्याच मशीनखाली होता. पण मी तो घासला. लिंबानं आणि पावडरीनं. मला माहीत नव्हतं."

त्यांनी हात पुढे केला. तिनं मला त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी मला कडेनं धरलं, वजन पाहिलं आणि खिडकीशी गेले. उन्हात मला असं कलवलं, तसं कलवलं. मान थोडी वाकडी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मी कधी कुणाला इतका घाबरलो नव्हतो.

"जहाज दिसतंय," ते म्हणाले.

सूनबाई एक पाऊल पुढे आली.

"सूनबाई, मला जहाज दिसतंय गं! एक, दोन, तीन शिडं. आणि खाली तीन. आठ." ते दोघांकडे वळले. "दोन महिने झाले, मला एकाही पैशाचं साल दिसलेलं नाही. तपकिरीवर तपकिरी आकडा, भिंग लावलं तरी नुसता काळा ठिपका. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही बाजार बंद केला असता माझा. घमेल्यात चव्वेचाळीसच जास्त, आणि मी जो हाताला लागेल तो उचलतो झालं."

"म्हणून चव्वेचाळीस!" नवरा म्हणाला आणि मान फिरवून रडायला लागला.

"आजचा कुठला आहे?"

"चव्वेचाळीसच आहे, बाबा."

मग ते जे हसायला लागले! रडता रडता तिघंही हसली. त्यांनी कपाटातून निळा तक्ता काढला, बोटानं चाचपत तिसऱ्या ओळीतलं शेवटचं भोक शोधलं आणि अंगठ्यानं मला आत दाबलं. टप्प! काय सांगू मित्रांनो, टाकसाळीतल्या दणक्यानंतर एवढा आनंद मला झाला नव्हता.

"पण बाबा, तुमचा नियम?" तिनं विचारलं.

"नियम मीच केलेला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दुरुस्त्या केल्या, एक माझी नको? पण बाकीच्या पस्तिसांना हात लावशील तर बघ!" आणि त्यांनी वही पुढे सरकवली. "लिही. अडतीस. सूनबाईकडून. मशीनच्या पायाखालून. आणि पुढे लिही, घासलेला. चूक झाली तर ती दिसली पाहिजे."

तिनं लिहिलं. वहीतली ती पहिली नोंद, जी त्यांच्या अक्षरातली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ते तक्ता घेऊन खिडकीशी बसत. निळ्या पुठ्ठ्यावर पस्तीस काळे ठिपके आणि मधे मी लखलखीत. मला खूण धरून ते बाकीचे मोजत. माझ्या डावीकडे सदतीस, कंडक्टरचा. वर बत्तीस, बटणांच्या डब्यातला. खाली चव्वेचाळीस! मग सूनबाई रविवारी त्यांच्याबरोबर बाजारात जायला लागली. ते घमेल्यात हात घालतात, ती सालं वाचते. एका चहाच्या पैशात दोघांचा छंद चाललाय, आणि नव्यानं करून घेतलेल्या दुसऱ्या तक्त्याची आठ भोकं भरलीसुद्धा.

आता त्यांना मीही दिसत नाही. परवा त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "सूनबाई, हा अजून चमकतो का गं?"

ती वाकून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. त्यांना वाईट वाटेल अशी तिला भीती होती, ते मला दिसत होतं. पण ती खोटं बोलणारी नव्हे.

"नाही, बाबा. परत तपकिरी व्हायला लागलाय. कडेनं तर चांगलाच."

"खरं सांगतेस?" म्हातारा खुर्चीतून उठलाच! "अगं, मग तो जिवंत आहे! मला वाटलं, आपण मारला त्याला!"

मित्रांनो, तुमच्या घरातल्या एखाद्या खणात माझं एखादं भावंड पडलेलं असेल. त्याला लिंबू लावू नका, पावडर लावू नका. कडेनं धरा, मऊ फडक्यावर ठेवा, आणि ते कुठून आलं ते विसरायच्या आत लिहून ठेवा. आणि घरात कुणाला ते दिसत नसेल, तर त्याच्या हातावर ठेवून साल मोठ्यानं वाचून दाखवा. अगदी मोठ्यानं वाचा. आम्हालाही ऐकायचं असतं!